चालता चालता बंद पडणारी जुनी गाडी: दोष कसा शोधावा

जुनी गाडी कायमची बंद पडली तर दोष सापडायला फारसा वेळ लागत नाही. कस लागतो तो अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीपुढे, कारण ती थोड्या वेळाने आपोआप सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेल्यावर हमखास शहाण्यासारखी वागते. मग मेकॅनिक अंदाजाने कार्बुरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलतो, प्लग आणि फिल्टर बदलतो, बिल होते, आणि पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा घाटात उभी राहते. हे टाळायचे असेल तर गाडी बंद असतानाच्या त्या मोजक्या मिनिटांत ठिणगी गेली आहे की पेट्रोल, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवावे, आणि ते मिळेपर्यंत एकही भाग बदलू नये. येथे डोळ्यांसमोर आहेत त्या कार्बुरेटरच्या मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्या आणि २००० च्या आसपास आलेल्या सुरुवातीच्या एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी संगणकाच्या ताब्यातील इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्या. डिझेलचे प्रकरण वेगळे आहे.

गाडी कशी बंद पडते, हे चालकानेच नीट पाहिले पाहिजे, कारण ही माहिती दुसऱ्या कोणाकडेही नसते. चावी फिरवून बंद करावे तसे इंजिन एका क्षणात मेले, तर संशय विजेच्या बाजूवर घ्यावा. आधी पिकअप गेला, दोन-चार गचके बसले आणि ॲक्सिलरेटर दाबूनही दम न धरता इंजिन थांबले, तर बहुधा पेट्रोल अपुरे पोचत आहे. वेगात काहीच त्रास नाही, पण सिग्नलला क्लच दाबताच गाडी बंद पडते, तर दोष स्लो यंत्रणेत (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन हळू फिरत ठेवणाऱ्या भागात) किंवा व्हॅक्यूमच्या गळतीत (इंजिनात भलतीकडून हवा शिरण्यात) शोधावा. गाडीला आरपीएमचा काटा असेल तर गिअरमध्ये गाडी अजून घरंगळत असताना त्याच्याकडे एक नजर टाकावी: चाके इंजिन फिरवत असूनही काटा एकदम शून्यावर पडला, तर इग्निशनचा (ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचा) किंवा क्रँक सेन्सरचा (इंजिनाचे फिरणे संगणकाला कळवणाऱ्या भागाचा) सिग्नल तुटला असण्याची शक्यता मोठी असते. त्याच वेळी डॅशबोर्डवरचे दिवेही पाहावेत. बॅटरी आणि ऑइलचे लाल दिवे लागणे हे इंजिन थांबल्यावर स्वाभाविकच आहे. तेही न लागता सगळा डॅशबोर्ड विझला, तर इग्निशन स्विच, मुख्य फ्यूज किंवा बॅटरीचे टर्मिनल यांपलीकडे जाण्याची आधी गरज नाही.

यासोबत हवा किती गरम होती, गाडी किती वेळ चालली होती, टाकीत पेट्रोल किती होते, एसी चालू होता का, खड्ड्यातून गेल्यावर झाले का आणि किती वेळाने गाडी पुन्हा सुरू झाली, हे एका वहीत लिहीत जावे. तीन-चार नोंदींत साम्य दिसू लागते.

डिकीत ठेवायचे सामान थोडे आहे: एक चांगला जुना प्लग, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, इन्सुलेशन असलेली पक्कड, आपल्या गाडीला बसणारा एक जादा रिले (पंपासारख्या भागांची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच), पाण्याची बाटली आणि फडके. गाडी बंद पडल्यावर ती उरलेल्या गतीने डाव्या कडेला घ्यावी, पण चावी लॉकपर्यंत मागे फिरवू नये, नाहीतर स्टिअरिंग अडकेल. ब्रेक बूस्टरमध्ये (ब्रेक हलका करणाऱ्या भागात) दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच दाबून धरावा. रस्ता अरुंद असेल किंवा वळणावर असेल, तर तपासणीचा विचार सोडून आधी माणसे गाडीबाहेर, सुरक्षित जागी न्यावीत.

पहिली तपासणी ठिणगीची, आणि ती पेट्रोलचा वास येत नसेल तरच करावी. एका प्लगची वायर काढून जुन्या प्लगला लावावी, प्लगचे धातूचे अंग पकडीने इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवून धरावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. निळी, कडकडणारी ठिणगी दिसली तर इग्निशन शाबूत आहे; पिवळसर, मरगळलेली ठिणगी हीसुद्धा दोषाचीच खूण आहे. एमपीएफआय गाडीत वायर हवेत मोकळी ठेवून सेल्फ कधीही मारू नये, त्याने कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टची वीज बनवणारा भाग) किंवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) निकामी होऊ शकतो.

दुसरी तपासणी पेट्रोलची. कार्बुरेटरच्या गाडीत एअर फिल्टरचे झाकण काढून, इंजिन बंद ठेवूनच, कार्बुरेटरच्या तोंडात पाहत ॲक्सिलरेटरची केबल हाताने ओढावी. आत पितळेच्या बारीक नळीतून पेट्रोलची ठसठशीत धार उडाली, तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बुरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) पेट्रोल आहे आणि पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. धार आलीच नाही किंवा नुसते फसफसले, तर पेट्रोल तिथवर पोचत नाही. एमपीएफआय गाडीत चावी ऑन करताच मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. ती आली नाही तर आधी जादा रिले लावून पाहावा. पंप महाग असतो आणि रिले स्वस्त.

ठिणगी नाही असे ठरले की कार्बुरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना क्रमाने वीज वाटणारा भाग) उघडावा. टोपीच्या आत केसासारखी बारीक काळी रेघ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली दिसली, तर वीज त्या वाटेने निसटते आहे आणि पावसाळ्यात ती जास्तच निसटेल. अशी टोपी पुसून भागत नाही, बदलावीच लागते. जुन्या, कॉन्टॅक्ट पॉइंटच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कंडेन्सर तापल्यावर दगा देतो. त्याहून फसवा दोष म्हणजे आतल्या हलत्या प्लेटकडे जाणारी छोटी वायर. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या योजनेमुळे) ती प्लेट दर वेळी थोडी सरकते, वर्षानुवर्षे वाकून वायरचे तांबे वेष्टनाच्या आत तुटते, बाहेरून मात्र वायर धडधाकट दिसते. ॲक्सिलरेटर सोडताना किंवा दाबतानाच गाडी मरत असेल, तर ही वायर हलक्या हाताने ताणून पाहावी. इग्निशन कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांचा दोष गरम झाल्यावर दिसतो आणि थंड झाल्यावर लपतो, म्हणून त्यांची मोजमापे सकाळी थंड इंजिनावर घेऊन समाधान मानू नये.

पेट्रोल पोचत नाही असे ठरले, तर पहिल्यांदा टाकीचे झाकण उघडावे. बाहेर वायू सुटल्याचा आवाज उन्हाळ्यात येतोच. पण हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर टाकीचा श्वास कोंडला आहे, म्हणजे तिच्यात हवा येण्याची वाट बुजली आहे. एप्रिल-मे महिन्यांत खंबाटकीसारख्या चढावर किंवा त्यानंतरच्या कोंडीत कार्बुरेटरची गाडी बंद पडली, तर इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पंपावर आणि त्याच्या नळीवर ओले फडके ठेवावे. त्याने ती लवकर सुरू झाली तर नळीत पेट्रोलची वाफ अडकत आहे. नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर बांधणे आणि उष्णतारोधक आवरण घालणे हा त्यावरचा उपाय. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीला चीर गेली असेल, तर तिथून पेट्रोल गळेलच असे नाही, उलट पंप तिथून हवा ओढतो, त्यामुळे खाली थेंब दिसत नाही म्हणून ती नळी निर्दोष धरू नये. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सर्वत्र आले आहे. त्यासाठी न बनलेले जुने रबर त्याने खराब होऊ शकते, आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये जाऊ शकतो. वीस वर्षांची नळी अजून तीच असेल तर ती बदलणे शहाणपणाचे. सीएनजी किट असेल तर काही दिवस केवळ पेट्रोलवर आणि काही दिवस केवळ सीएनजीवर गाडी चालवावी. एकाच इंधनावर ती बंद पडत असेल, तर निम्मे काम झाले.

एमपीएफआय गाडीत ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकाच वेळी गेले, तर दोघांच्या सामायिक कारणाकडे वळावे. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर ईसीयूला वीज मिळत नाही, म्हणून मुख्य रिले, फ्यूज आणि अर्थिंग पाहावे. दिवा लागतो, सेल्फ जोरात फिरतो, तरीही इंजिन पकडत नाही, आणि थंड झाल्यावर काहीच झाले नाही अशा थाटात सुरू होते, तर क्रँक किंवा कॅम सेन्सर तपासावा. या दोषाचा कोड नोंदला जाईलच असे नाही, आणि स्वस्त स्कॅनर इतक्या जुन्या गाडीशी जुळेलच असेही नाही. घरी इंजिन सुरू ठेवून, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात सांभाळून, केस वाळवण्याच्या ड्रायरने सेन्सर तापवावा. इंजिन थांबले तर संशय पक्का होतो.

खड्ड्यात बंद पडणाऱ्या गाडीसाठी याहून सोपी युक्ती आहे. इंजिन स्लोवर ठेवून चावी, बॅटरीची टर्मिनले, फ्यूज बॉक्स आणि वायरींचे जुडगे एकेक करून हलवत जावे. चावीला दहा चाव्यांचा जुडगा लटकत असेल तर तो आजच काढावा, कारण झिजलेला इग्निशन स्विच त्याच्या झोक्यानेही तुटक वीज देऊ शकतो. सेल्फ फिरत असताना इंजिनाचा धातू आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मल्टिमीटरवर ०.५ व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर अर्थिंगची पट्टी काढून घासून घट्ट करावी किंवा बदलावी.

सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीत थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह, कार्बुरेटरचा स्लो जेट आणि त्याचा इंधन तोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) पाहावा. केवळ ब्रेक दाबताच इंजिन डगमगत असेल, तर ब्रेक बूस्टरचा पडदा फाटला असण्याची शक्यता आहे, आणि ती गाडी दुरुस्तीपर्यंत रस्त्यावर आणू नये.

गाडी गॅरेजमध्ये द्यायची वेळ आली, तर वहीतील नोंदींची प्रत सोबत द्यावी आणि बॉनेट उघडण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून ज्या परिस्थितीत दोष दिसतो त्याच परिस्थितीत गाडी चालवून दाखवावी. काढलेला भाग परत मागून घ्यावा. दुरुस्तीनंतरची चाचणीही त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात आणि तेवढाच वेळ घ्यावी. सकाळच्या गारव्यात गॅरेजभोवती मारलेली फेरी या दोषासाठी निरुपयोगी असते.