मास्टर सिलिंडर उघडण्याआधी

ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की पायाखालचं पेडल सावकाश खाली जायचं. दोनदा पंप केलं की परत वर. चाकांजवळ ओल नाही, टाकीतलं ब्रेक ऑइलही कमी होत नव्हतं. गाडी पिवळ्या पाटीची, २०१६ची मारुती ईको. आईचे पोळीभाजीचे डबे घेऊन रोज वागळे इस्टेटला जाते. एका गॅरेजने ब्रेकच्या पाइपांतली ‘हवा काढून’ दोनदा दिली आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शेवटी मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पाइपांतून चाकांकडे ढकलणारा भाग, स्वतःच बदलायचा ठरवला आणि पहिल्या प्रयत्नात सपशेल आपटलो. रविवारी दुपारी चारला साध्या १०च्या पान्याने ब्रेकच्या पाइपचा नट सोडवायला गेलो. पाना घसरला, नट गोल झाला, दुकानं बंद. गाडी तीन दिवस पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या जागेत अडकली आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझा उद्धार झाला तो वेगळा.

इंजिनचं काम अर्धवट राहिलं तर गाडी निदान ढकलता येते. ब्रेकचा पाइप सुटला की तीही सोय जाते, कारण ढकललेली गाडी थांबवायला हाताशी फक्त हँडब्रेक. एखादी वस्तू राहिली म्हणून मग गाडी घेऊन दुकानात जाता येत नाही. म्हणून खालची सगळी तयारी आदल्या दिवशीच व्हायला हवी.

आधी दोष तिथेच आहे याची खात्री करा. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरायचं. हळूहळू खाली गेलं आणि चारही चाकांशी, पाइपांच्या सांध्यांशी कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर दाब धरत नाही, ऑइल त्याच्या कडेने मागे निसटतंय. पेडल खाली जात नाही पण स्पंजासारखं लागतं, तर बहुतेक हवा आहे. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर व्हॅक्यूमने वाढवणारा डबा, तोही तपासून घ्या. इंजिन बंद करून पाचसहा वेळा पेडल मारायचं, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करायचं. पेडल जरासं खाली बसलं तर बूस्टर काम करतोय. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे टेकतो, तिथे खालून बोट फिरवून पाहा. बोट ओलं आलं किंवा तिथला रंग फुगून सुटलेला दिसला, तर ऑइल मागच्या बाजूने गळतंय आणि बूस्टरच्या आतही गेलेलं असू शकतं. मग नुसता सिलिंडर बदलून भागणार नाही.

पार्ट घ्यायला जाताना आरसी बुकाचा फोटो आणि जुन्या सिलिंडरचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो घेऊन जा. पाइपांची तोंडं किती आणि कुठल्या बाजूला आहेत, टाकी सोबत येते की जुनीच बसवायची, हे काउंटरवर जुळवून बघायचं. टाकीचे दोन रबरी बूच आणि बूस्टरच्या तोंडाशी बसणारी रिंग नवी मागून घ्या, नाही मागितली तर मिळत नाही. दुकानदार विचारेल, ‘किट टाकून बघू का?’ किट म्हणजे नुसती आतली रबरं. आतली नळी पाण्याने खड्डे पडून खरबरीत झाली असेल तर नवी रबरं थोड्याच दिवसांत कापली जातात. मी किट टाकणार नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट स्वस्तात मिळतात, मीही तिथून आरसे आणि दरवाजाची हँडलं आणलीत, पण ब्रेकचा भाग जुना घेऊ नका.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत चालतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यांत अजिबात घालायचं नाही, आणि ५.१ हे त्याचं भावंड नाही, ते ३-४च्या घरातलंच. सगळं जुनं ऑइल काढून टाकायचं तर एक लिटर धरा, पण पाव किंवा अर्ध्या लिटरच्या सीलबंद बाटल्यांत घ्या. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४चा २३० वरून १५५. खाडीच्या कुशीतल्या ठाण्यात गेल्या वर्षीची अर्धी बाटली कपाटात जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. शक्यतो पावसाळ्यात हे काम काढूच नका. काढावंच लागलं तर कोरडा दिवस बघा आणि टाकीचं झाकण कामापुरतंच उघडं ठेवा.

हत्यारांत जीव आहे तो एकाच पान्यात. तोंडाला खाच असलेला, रिंगसारखा, नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा पाना दुकानात ‘फ्लेअर नट पाना’ म्हणून मिळतो. खाचेतून पाइप आत सरकतो आणि पाना नटाचे कोपरे धरतो. माझ्याकडे पहिल्यांदा हा नव्हता, बाकी सगळं होतं. पाइपच्या नटाला १०चा बघा, चाकांच्या निपलांना (हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढायची छोटी तोंडं) ८ किंवा १०चा रिंग पाना लागतो, नेमका कुठला ते आधी लावून पाहा. आदल्या रात्री सगळ्या नटांवर आणि निपलांवर डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, फक्त डिस्क आणि लायनरवर एक थेंबही जाऊ देऊ नका. सकाळी मास्टर सिलिंडरला हात लावण्याआधी चारही निपलं जेमतेम सैल करून परत घट्ट करून बघा. एखादं जाम निघालं किंवा तुटायला आलं, तर गाडी अजून चालतेय, चूपचाप गॅरेजला नेता येते. हाच नियम पाइपच्या नटांनाही.

निपलावर बसवायची नळी म्हणजे गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी. आतून साधारण ६ मिलीमीटरची, मीटरभर घेतली की पुरते, निपलावर घट्ट बसायला हवी. दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं. टाकी रिकामी करायला मेडिकलमधली मोठी सिरिंज. डोळ्यांना चष्मा, हातांना रबरी हातमोजे आणि जवळ पाण्याची बादली. हे ऑइल रंग खातं. सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं. पुसण्यासाठी पेट्रोलने भिजलेली चिंधी कोणी पुढे केली तर घेऊ नका, पेट्रोल आणि इंजिन ऑइलने ब्रेकमधली रबरं फुगतात.

जागा सपाट हवी. पेव्हर ब्लॉकवर जॅक लावणार असाल तर खाली फळी ठेवा, एकेक ब्लॉक खचतो. ईको मागच्या चाकांवर चालते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांवर लागतो. म्हणजे मागचा भाग उचलला की गिअर आणि हँडब्रेक, दोन्ही निकामी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा लावूनच जॅकचा दांडा फिरवायचा. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही, खाली लोखंडी घोडे लावायचेच. सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून ठेवा. मी न सांगता केलं तेव्हा वॉचमनकाका तासभर डोक्यावर उभे होते.

नव्या सिलिंडरमधली हवा तो गाडीला लावण्याआधीच काढायची असते. नाहीतर चाकांशी कितीही पंप करा, वरती बुडबुडा अडकून राहतो. त्यासाठी एक व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा, लागतो. सिलिंडरचं अंग नाही, बोल्टची पट्टी त्यात धरायची, म्हणजे नळी दबत नाही. दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवायची आणि बोथट दांड्याने पिस्टन हळूच, थोडाथोडा आत ढकलायचा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग साबणाच्या फेसासारखे बारीक, मग फक्त ऑइल फिरताना दिसतं. व्हाइस घरात नसेल तर कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे असतो, दहा मिनिटांचं काम. पण हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा, हातात टपकणारा सिलिंडर घेऊन रस्त्यावर फिरू नका.

आता माणूस. पेडलवर कोण बसणार, हे पान्याइतकंच महत्त्वाचं. पहिल्या खेपेला नट कसाबसा सुटल्यावर भाच्याला बसवलं होतं. निपल उघडं असताना त्याने मोबाइलकडे बघितलं आणि पाय उचलला. हवा सरळ आत. सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला आई बसली. तिला म्हटलं, चप्पल काढून बस, अनवाणी पायाला पेडल जास्त कळतं. तीन शब्द ठरवले. मी ‘दाब’ म्हणालो की ती दाबून ‘दाबलं’ म्हणणार. मी निपल उघडणार, पेडल तिच्या पायाखाली बसणार, तरी तिने पाय तसाच धरायचा. निपल घट्ट करून मी ‘सोड’ म्हटल्यावरच पाय वर. पेडल पार तळापर्यंत जाऊ नये म्हणून खाली दोन इंचाचा लाकडी ठोकळा ठेवला होता. दर पाच पंपांनी मी उठून टाकी बघत होतो, कारण टाकी एकदा रिकामी झाली की पुन्हा श्रीगणेशा. मागच्या डाव्या चाकाशी नळीत आधी काळपट ऑइल आलं, मग मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे, मग स्वच्छ. चौथं चाक चालू असताना वरून आवाज आला, ‘अरे, आता हे कणकेसारखं नाही लागत, पोळपाटासारखं लागतंय.’ पन्नास वर्षं कणीक मळलेल्या माणसाचं निदान मी मान्य केलं.

चाकांचा क्रम लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. मास्टर सिलिंडर चालकाच्या बाजूला, म्हणून सर्वांत दूरचं मागचं डावं आधी, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल तर एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरल्यावर ती काढायला स्कॅनर लागू शकतो. ज्याच्याकडे तो आहे अशा गॅरेजचा नंबर आधीच खिशात हवा.

जुना सिलिंडर काढण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल दहा वेळा मारा, बूस्टरमधला व्हॅक्यूम जातो. नवा बसवताना त्याचे नट लगेच आवळू नका. आधी दोन्ही पाइपांचे नट बोटांनी दोनतीन आटे फिरवून घ्या, सिलिंडर जरा हलता असला की पाइप सरळ बसतो आणि आटे मारले जात नाहीत. सुटलेल्या पाइपांच्या तोंडांना प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड बांधा.

सोमवारची सोयही याच यादीत. मी चुलतभावाचा टेम्पो सांगून ठेवला होता. काम रविवारी दुपारी आटोपलं तरी डबे टेम्पोनेच गेले. रविवारी फक्त सोसायटीच्या आत चालत्या वेगाने दहा वेळा ब्रेक मारून पाहिला, मग संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगाने. गायमुखच्या घाटात त्या आठवड्यात गेलोच नाही. सोमवारी सकाळी दोन्ही सांध्यांना आणि चारही निपलांना टिश्यू पेपर टेकवून बघितला. पाच कोरडे निघाले, पुढच्या उजव्यावर बारीक डाग होता. त्या निपलाला पाव फेरा दिला, पुसलं, आणि मंगळवारी परत टिश्यू लावला.