आई-वडील गावी, मुले दूर: काळजीची व्यवस्था कशी लावावी

आई-वडील चिपळूणला, एक मुलगा पुण्यात आणि मुलगी न्यू जर्सीत, अशी घरे आता सर्रास दिसतात. अशा घराने अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावे. पुण्याहून कुंभार्ली घाटाने चार-पाच तास लागतात, पावसात दरड कोसळली तर किती लागतील याचा भरवसा नाही. न्यू जर्सीहून तिकीट लगेच मिळाले तरी एक अख्खा दिवस मोडतो. म्हणजे वडील न्हाणीघरात पडले, तर पहिला तास शेजाऱ्यांच्याच हाती असतो, आणि सगळी आखणी त्या तासापासूनच सुरू करायला हवी.

शेजारच्या काकूंना ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणणे पुरेसे नाही. त्यांच्याकडे घराची किल्ली द्यावी, मात्र रात्री दाराला आतून कडी घातली जात असेल तर त्या किल्लीचा काहीच उपयोग नाही. म्हणून बाहेरूनही किल्लीने उघडेल असे लॅच बसवून घ्यावे आणि कडी घालण्याची सवय मोडावी (हे दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड). आजार, चालू गोळ्या, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर आणि विम्याचे कार्ड एका फाइलमध्ये ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा की ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलवायचे, कोणत्या रुग्णालयात न्यायचे आणि अनामत कोण भरणार, हे आधीच ठरवावे. काकूंना स्वतःचे पैसे घालायची वेळ येऊ नये.

फोनवर ‘कशी आहेस?’ असे विचारले की ‘बरी आहे, तू तुझं बघ’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर आईला गोळ्यांचा डबा आणायला सांगावे: मंगळवारी मागच्या शनिवार-रविवारच्या खणांत गोळ्या तशाच असतील, तर विचारण्यासारखे बरेच काही आहे. डबा आणायला ती उठते कशी, भिंतीचा आधार घेते का, हेही त्यातच दिसते. वेळ मात्र त्यांच्या सोयीची असावी. चिपळूणला सकाळचे आठ म्हणजे न्यू जर्सीत हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा. झोप आपली मोडावी, त्यांची नव्हे.

वीजबिल, विमा, डॉक्टरांची वेळ घेणे ही कामे दुरून उत्तम होतात, आणि ती दूरच्या भावंडानेच अंगावर घ्यावीत. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरमध्ये लागणारा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ या सरकारी डिजिटल सेवेच्या साहाय्याने घरबसल्या देता येतो, आणि सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवेबद्दल बँकेत विचारावे. आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रावर मात्र सगळी भिस्त ठेवू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की त्याने दिलेला अधिकार (एजन्सी) संपुष्टात येतो. म्हणजे स्मृतिभ्रंश बळावल्यावर, नेमके गरजेच्या वेळी, ते कुचकामी ठरू शकते. म्हणून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा पद्धतीचे संयुक्त खाते आई-वडील सही करू शकतात तोवरच उघडावे. पोलीस असल्याचे सोंग करून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालणारा फोन आला तर तो बंद करून आधी मुलांना कळवायचे, हे त्यांना पुन्हापुन्हा सांगावे, आणि पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी.

सर्वांत नाजूक बाब भावंडांची. वर्षातून दोन आठवडे येणारी मुलगी डॉक्टर बदलते, बाईला कामावरून काढते आणि विमानात बसते. मागे निस्तरतो तो पुण्याचा भाऊ. रोजच्या उपचारांबद्दलचा निर्णय जो धावून जातो त्याचा असावा, दुरून मत द्यावे, हुकूम देऊ नये. रजेवर आल्यावर त्या दोन आठवड्यांतले आठ दिवस भावाची सगळी कामे स्वतःकडे घ्यावीत, रात्रीचे उठणेसुद्धा, आणि त्याला बायकामुलांसह कुठेतरी पाठवून द्यावे.