बोटीच्या डिझेल इंजिनाला समुद्राचे पाणी जोडताना

वडोदऱ्याच्या मकरपुरा भागातील वर्कशॉपमध्ये हे इंजिन तयार करताना मी त्याच्या आत कूलंट मिसळलेले गोडे पाणीच ठेवले आणि खारे पाणी फक्त हीट एक्स्चेंजरच्या (गोड्या पाण्याची उष्णता खाऱ्या पाण्याला देणाऱ्या उपकरणाच्या) तांबे-निकेलच्या नळ्यांतून फिरवले, कारण खारे पाणी सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापले की क्षार साचू लागतात. इतर धातूंऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा अ‍ॅनोडही बसवला. खंभातच्या आखातातील पाणी फार गढूळ असते; सी-कॉकनंतरची (समुद्राचे पाणी बोटीत घेणाऱ्या झडपेनंतरची) गाळणी कचरा अडवते, पण बारीक गाळ पुढे जाऊन पंपातील पाणी ढकलणारे रबरी पात्यांचे चाक, म्हणजे इंपेलर, झिजवतोच, म्हणून जादा इंपेलर बोटीवर असायलाच हवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इंजिन जलरेषेखाली असल्याने एक्झॉस्टकडे जाणारी पाण्याची नळी जलरेषेच्या बरीच वर नेऊन तिथे अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळीत हवा सोडून पाण्याचा आपोआप होणारा ओढा तोडणारी झडप) लावला, अन्यथा बंद इंजिनाच्या सिलिंडरपर्यंत समुद्र पोहोचू शकतो.