फिक्ह, कलाम आन् खलिफा: तीन वह्या करू नका, वाचायची सुरुवात अशी करा

एमए इतिहास नाहीतर नेटची तयारी करायलेत त्या आपल्या इकडच्या पोरापोरींचं ठरलेलंच असतं, फिक्ह म्हणजे कायदा त्याची एक वही, कलाम म्हणजे धर्मशास्त्र त्याची दुसरी आन् सुलतानांचं राजकारण तिसऱ्या वहीत, मग पेपरात प्रश्न आला की कशाचा कशाला मेळ लागत नाही. एकच वही करा आन् भांडणापासून सुरू करा.

पहिलं भांडण ८३३ चं घ्या. खलिफा मामूननं बगदादच्या काझींना धरून विचारायला लावलं, कुराण अल्लाहनं निर्माण केलेलं का अनादी? मुतझिला पंथाचं म्हणणं निर्माण केलेलं, आन् खलिफालाही तेच कबूल करून घ्यायचं होतं. आलिम म्हणजे धर्मपंडित, त्यातले अहमद इब्न हंबल काही केल्या ऐकेनात, पुढं मुतसिम खलिफाच्या काळात त्यांना फटके पडले तरी नाही. शेवटी मुतवक्किल खलिफानं हा प्रकार बंद केला. वरून वाद धर्मशास्त्राचा दिसतो, पण खरा मुद्दा हा की धर्म काय ते ठरवायचं कोणी, खलिफानं का आलिमांनी. त्यात आलिम टिकले. कायदा सुलतानाच्या दरबारात नाही तर आलिमांच्या हनफी, मालिकी, शाफई, हंबली या मजहबांत, म्हणजे कायद्याच्या परंपरांत, का घडत गेला, ते इथून कळायला लागतं.

आता मावर्दी. ह्याला घाईत उरकू नका. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी वहीत लिहा, लिहिणारा कोणाच्या पदरी होता, मजहब कोणता आन् तेव्हा फौज कोणाकडं होती. मावर्दी शाफई काझी, खलिफाचा माणूस, १०५८ ला वारला. बगदाद मात्र ९४५ पासून बुवैह घराण्याच्या ताब्यात, तेही शिया. म्हणजे खलिफा नावाला आन् सत्ता दुसऱ्याकडं. हे माहीत असलं की त्याच्या ‘अल-अहकाम अस-सुलतानिया’ ह्या राज्यकारभाराच्या नियमांवरच्या पुस्तकात खलिफासाठी सात अटी का घातल्यात ते दिसतं, आन् त्याच पुस्तकात कोणी जबरदस्तीनं प्रांत बळकावला तर खलिफानं त्याला रीतसर नेमणूक देऊन टाकावी असंही आहे. वाचताना वाटतं काय लबाडी आहे ही, पण तसं केलं नाही तर त्या प्रांतातले काझी, त्यांचे निवाडे सगळंच बेकायदा ठरतंय ना.

धर्मशास्त्री गझालीनं (१०५८ ते ११११) हेच उघड बोलून दाखवलंय, की आजची खिलाफत रद्द म्हणलं तर काझी बरखास्त झाले आन् लोकांची लग्नंही लागली नाहीत असं धरावं लागंल. आन् हे त्यानं लिहिलंय कुठं, तर श्रद्धेवरच्या पुस्तकात! तीन वह्या केल्या की नेमकं हेच हातातून निसटतं.

एवढं झालं की दौलताबादला येऊन तपासा. १२५८ ला मंगोलांनी बगदाद बुडवलं, त्यानंतर कैरोत मामलुकांच्या, म्हणजे इजिप्तच्या सुलतानांच्या, आश्रयाला त्याच बगदादच्या अब्बासी घराण्याचा एक खलिफा बसवला, हाती सत्ता काहीच नाही. तरी १३२७ ला देवगिरीला राजधानी आणणारा मुहम्मद तुघलक, लई ताकदीचा सुलतान, बंडं वाढल्यावर त्याच खलिफाकडून मान्यतापत्र मागवतो आन् नाण्यावर स्वतःचं नाव काढून त्याचं घालतो. कामून? मावर्दी नीट वाचला असंल तर उत्तर सापडतंच. ह्याच तुघलकानं मालिकी मजहबाच्या इब्न बतूता ह्या प्रवाशाला हनफी दिल्लीत काझी केलं आन् मदतीला नायब दिले. इब्न बतूता दौलताबादलाही येऊन गेला, त्यामुळं त्याचं प्रवासवर्णन सोबत ठेवून वाचा, रुक्ष कायदा जरा जिवंत होतो.

दिल्लीचा इतिहासकार बरनी आन् हंबली आलिम इब्न तैमिया त्यानंतर वाचा. मंगोल मुसलमान झाले तरी त्यांच्याशी लढायचं का, हा तैमियाचा फतवा घेताना लिहिणारा कोणाच्या पदरी, मजहब कोणता, फौज कोणाकडं, हे वरचे प्रश्न पुन्हा वहीत लिहा. इब्न रुश्दचं तत्त्वज्ञान मात्र सध्या राहू द्या, तो स्वतः काझी होता एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.