ॲप रखडतंय आणि लॉगमध्ये काहीच नाही? बीपीएफट्रेस लावून बघा

टॉप कमांडमध्ये सीपीयू निवांत, लॉग कोरा, आणि तरी रिक्वेस्ट लटकतायत, अशा वेळी बरेच जण सवयीने एसट्रेस (प्रोसेसचे सिस्टम कॉल, म्हणजे तिने कर्नलकडे केलेल्या मागण्या, दाखवणारं टूल) लावतात. चालू प्रॉडक्शनवर तो नकोच, कारण प्रत्येक सिस्टम कॉलला तो प्रोसेस थांबवतो, कॉलमध्ये शिरताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, म्हणजे आधीच रखडलेलं ॲप पार बसतं.

त्याऐवजी बीपीएफट्रेस घ्या, म्हणजे चालू लिनक्स कर्नलमध्ये डोकावून बघायचं टूल. उबुंटू-डेबियनवर त्याच नावाचं पॅकेज आहे, ते टाका. चालवायला रूट लागतो. तुमचा छोटासा प्रोग्राम थेट कर्नलमध्ये चालतो, पण त्याआधी कर्नलमधला व्हेरिफायर (तपासनीस) तो तपासतो आणि काही धोक्याचं वाटलं तर लोडच करू देत नाही. (सोलॅरिसवर 2005 पासून डीट्रेस हे असंच टूल वापरणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.)

पहिल्याच फटक्यात प्रिंटएफ लावू नका, स्क्रीन धो धो वाहते आणि इव्हेंट गळतात ते वेगळंच. आधी नुसतं मोजा. सिस्टम कॉलच्या एंटर ट्रेसपॉइंटवर (ट्रेसपॉइंट म्हणजे कर्नलमध्ये ट्रेसिंगसाठी मुद्दाम ठेवलेली जागा) एक मॅप, म्हणजे की-व्हॅल्यूचा तक्ता, की म्हणून कॉम, व्हॅल्यू म्हणून काउंट, दहाएक सेकंद थांबा आणि कंट्रोल-सी दाबा. बेरीज कर्नलमध्येच होते, बाहेर फक्त आकडे येतात. कॉम म्हणजे खरं तर थ्रेडचं नाव, तेही 15 अक्षरांवर कापलेलं, त्यामुळे जावावाल्यांनी सोबत पीआयडी (प्रोसेसचा नंबर) पण घ्या नाहीतर भलतंच नाव बघून डोकं खाजवत बसाल.

संशयित सापडला की त्याच्या पीआयडीचा फिल्टर लावून ओपनॲट या फाइल उघडणाऱ्या सिस्टम कॉलच्या एक्झिटवर रिटर्न व्हॅल्यू मोजा (जुन्या ओपन कॉलवर नको, आजकाल बहुतेक प्रोग्राम ओपनॲटच वापरतात). -2 म्हणजे फाइलच नाही, -13 म्हणजे परवानगी नाही. -2 चा ढीग दिसला तर ॲप कुठलीतरी फाइल पाथमागून पाथ शोधत फिरतंय, मग ओपनस्नूप (उघडल्या जाणाऱ्या फाइलींची नावं दाखवणारी तयार स्क्रिप्ट) लावून तिचं नाव बघा.

डिस्कचा संशय असेल तर बायोलेटन्सी लावा, ही तयार स्क्रिप्ट डिस्कच्या रिक्वेस्टना किती वेळ लागला त्याचा हिस्टोग्राम काढते. सरासरी बघू नका, हिस्टोग्रामला दोन उंचवटे आहेत का ते बघा, दुसऱ्या उंचवट्यातल्या रिक्वेस्टच तुम्हाला रडवत असतात.

स्क्रिप्ट जपून ठेवायची असेल तर ट्रेसपॉइंटच धरा, केप्रोब (कर्नलच्या एखाद्या फंक्शनवर लावलेला सापळा) कर्नल अपग्रेडनंतर कधीही तुटतो कारण ते फंक्शनच गायब किंवा इनलाइन झालेलं असतं. आणि मॅलॉकवर (मेमरी मागणारं फंक्शन) युप्रोब, म्हणजे ॲपच्या बाजूच्या फंक्शनवरचा तसाच सापळा, लावायचा मोह आवरा, मॅलॉक सेकंदाला लाखो वेळा चालू शकतं, मग स्लो व्हायला दुसरं कारण लागत नाही.