रातपाळी आणि देहघड्याळ: गणिती प्रारूप कसे मांडावे

सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागावरचा कामगार दिवसपाळीतून रातपाळीत गेला की त्याची झोप काही दिवस विस्कटते. ती किती दिवसांत सावरेल याचा अंदाज बांधायला एक समीकरण आणि एक्सेलचे एक पान पुरते.

देहघड्याळ, म्हणजे झोप-जागेची वेळ ठरवणारे शरीरातले घड्याळ, हा वर्तुळावर फिरणारा एक बिंदू आहे, एवढेच आधी गृहीत धरावे. ज्या जनुकीय यंत्रणेच्या शोधाला २०१७ चे नोबेल मिळाले, तिचा तपशील या पायरीवर मुद्दाम बाजूला ठेवावा. उजेडाची खूण मिळाली नाही, तर माणसाचे घड्याळ सरासरी सुमारे २४.२ तासांत फेरी पूर्ण करते. दिवस मात्र २४ तासांचा. या दोन कोनीय वेगांतला फरक ताशी ०.००२१६ रेडियन (पूर्ण फेरी म्हणजे २π रेडियन) येतो, त्याला ‘फ’ म्हणू. उजेड घड्याळाला ज्या जोराने ओढतो तो ‘ज’ आणि उजेडाचे चक्र घड्याळाच्या जितके पुढे असेल ते कलांतर ‘क’.

क बदलण्याचा दर = फ − ज × साइन(क)

‘ज’ हा ‘फ’ पेक्षा लहान असेल, तर दर कधीच शून्य होत नाही आणि घड्याळ रोज थोडे निसटत राहते. ज = ०.०१ धरल्यास साइन(क) ०.२१६ वर दर शून्य होतो, म्हणजे घड्याळ उजेडाच्या सुमारे ५० मिनिटे मागे राहून स्थिरावते. जुळल्यानंतरही हे अंतर उरते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला मला दरवेळी वेळ लागतो.

आता पहिल्या स्तंभात ०.१ तासाच्या टप्प्यांनी वेळ लिहावी, शेजारी ‘क’, आणि प्रत्येक पुढच्या ओळीत आधीच्या ‘क’ मध्ये ०.१ × दर मिळवावा. एक्सेलची साइन रेडियन मागते, अंश नव्हे. १ तास म्हणजे ०.२६१८ रेडियन. प्रत्यक्ष नोंदींशी ताडायचे असल्यास सोलापुरात सूर्य माथ्यावर येण्याची वेळ सरासरीने १२ वाजून २६ मिनिटे धरावी, कारण आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहोत.

उजेडाचे चक्र ८ तास उशिरा सरकवायचे, तर स्थिर ‘क’ मधून २.०९४ वजा करावेत. लवकर सरकवायचे, तर तेवढेच मिळवावेत. उशिराच्या दिशेने घड्याळ सुरुवातीला दिवसाला सुमारे ६४ मिनिटे सरकते, लवकरच्या दिशेने जेमतेम २९. सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पाळ्या बदलणे शरीराला सोपे का जाते, ते या दोन आकड्यांत दिसते.

मात्र रातपाळी सुटल्यावर कामगार उन्हातूनच घरी जातो. म्हणून समीकरणात दुसरे साइन-पद घालावे: उन्हाचा जोर ०.०१, शेडमधल्या ट्यूबलाइटचा ०.००२, आणि दोघांत ८ तासांचे अंतर. दोन्हींचे आवर्तन २४ तासांचेच असल्याने त्यांची बेरीज सदिशांसारखी होते आणि कौल उन्हाच्या बाजूने पडतो. ८ तास सरकायला हवे असलेले घड्याळ सुमारे ५० मिनिटे सरकून तिथेच थांबते.