थंडीतलं पॅडलबोर्डिंग : कपडे निवडताना या चुका टाळा

पॅडलबोर्डवर उभं राहून वल्हं मारायला लागलं की अंग लवकर तापतं. पोट, पाठ, खांदे, पाय सगळेच कामाला लागतात आणि थोड्याच वेळात जॅकेट नकोसं होतं. त्यामुळे बहुतेकांचा कपड्यांचा हिशेब ‘बोर्डवर असताना काय बरं वाटेल’ इथेच थांबतो. पण कपड्यांचा खरा कस लागतो तो पाण्यात पडल्यावर, आणि पॅडलबोर्डवरून माणूस कधी ना कधी पडतोच. नवशिका पडतो, तसा सराईतही पडतो. शेजारून गेलेल्या बोटीची लाट किंवा पाण्याखालच्या दगडाला अडलेलं फिन (बोर्डच्या तळाचं पातं), एवढं निमित्त पुरतं. खालच्या बहुतेक चुका होतात त्या हे विसरल्यामुळेच.

हवा बघून कपडे ठरवणं

सगळ्यात धोकादायक चूक हीच, आणि ती कडाक्याच्या थंडीपेक्षा थंडी सरताना जास्त होते. हवा २० अंशांवर आलेली असते, ऊन छान पडलेलं असतं आणि पाणी मात्र अजून ७-८ अंशांवरच असतं. पाणी हवेपेक्षा फार सावकाश तापतं. वरून बर्फ वितळून येत असेल तर आणखीच सावकाश. अशा दिवशी माणूस टी-शर्ट आणि हाफ पँटवर बोर्ड घेऊन निघतो.

पाणी शरीरातली उष्णता हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं. पण पहिला धोका अंग गार पडण्याचा नसतो, श्वासाचा असतो. साधारण १५ अंशांच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की नकळत एक मोठा श्वास आत ओढला जातो आणि मग धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट श्वासनलिकेत जातं. पोहता येतं की नाही, याचा इथे काही उपयोग नसतो.

कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी अतिथंड पाण्यासाठी १-१०-१ असा एक ढोबळ आडाखा लोकांपर्यंत पोचवला. श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. कपडे निवडताना मधला आकडा डोळ्यांसमोर ठेवा. बोर्डवर परत चढायचं, वल्हं पकडायचं, बक्कल सोडायचं, हे सगळं त्या दहा मिनिटांतच होणार असतं. चांगल्या कपड्यांमुळे पहिला धक्का सौम्य होतो आणि ही दहा मिनिटं लांबतात. १५ च्या वर गेलं म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. थंड पाण्याच्या सुरक्षिततेवर काम करणारी अमेरिकेतली नॅशनल सेंटर फॉर कोल्ड वॉटर सेफ्टी ही संस्था २१ अंशांखालच्या पाण्यापासूनच सावध राहायला सांगते.

म्हणून दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर जवळ ठेवा. काठाजवळचं उथळ पाणी उन्हानं फसवतं, तेव्हा जरा खोल पाण्यात मोजा. पाणी १८ अंशांच्या आसपास असेल तर २-३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (निओप्रीन या फोमसारख्या रबराचा, अंगाला घट्ट बसणारा सूट), १२ ते १५ ला ४/३ चा (धड आणि हातपाय यांची जाडी वेगळी), त्याखाली ५/४ चा आणि सोबत बूट, हातमोजे, टोपी, असा माझा साधारण हिशेब. १० च्या खाली मी ड्रायसूटच, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट, सुचवेन. एकटे जाणार असाल किंवा काठापासून लांब, तर एक पायरी जास्तच धरा.

सुती कपडे

जीन्स, सुती ट्रॅक पँट, हूडी हे घरीच राहू द्या. सुती कापड भरपूर पाणी धरून ठेवतं, वारा लागला की उरलीसुरली ऊबही घालवतं आणि बोर्डवर चढताना त्याचा ओला भार अंगावर येतो. ड्रायसूटच्या आतला सुती बनियनही याच यादीतला, कारण तो घामानं भिजतो. आत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल घाला. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब देते.

ढगळ वेटसूट

वेटसूटच्या आत शिरलेलं पाणी तापतं आणि तेच आपल्याला ऊब देतं, असा समज सगळीकडे आहे. खरं काम करतात ते निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास नेमकं हेच ओळखलं होतं. कापडातच उष्णता अडवणारे बुडबुडे असतील तर कातडीलगत पाण्याचा पातळ थर असला तरी चालतो, हा त्यांचा विचार. मात्र तो थर जागेवर राहायला हवा. सूट ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीला आतलं कोमट पाणी बाहेर जातं आणि गार पाणी आत येतं.

सूट घालून बघताना उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा, वल्हं मारल्यासारखी कंबर वळवा. कंबरेच्या वर पाठीशी, काखेत किंवा जांघेत पोकळी राहिली तर तो सूट तुमचा नाही. उलट खांद्याला फार ताणणारा सूटही नको. हात थकतात आणि छातीवर दाब येतो. ४/३ म्हणजे धडाला ४ मिलिमीटर आणि हातापायांना ३, ही विभागणी खांदे मोकळे राहावेत म्हणूनच असते. फार्मर जॉन नावाचा बिनबाह्यांचा सूट वल्हं मारायला सुखाचा असतो, पण फार थंड पाण्यात तो पुरत नाही.

सूट अंगाला बरोबर बसला आहे, तरी बोर्डवर कुडकुडायला होतंय? मग कारण बहुधा वारा असतं. ओल्या निओप्रीनवरून वारा वाहिला की वरचं पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. वर एक पातळ विंडचीटर घाला, आणि लाईफ जॅकेट त्याच्या वरूनच.

ड्रायसूट घातला की झालं, असं समजणं

ड्रायसूट पाणी अडवतो. साध्या कापडी ड्रायसूटला स्वतःची ऊब जवळजवळ नसतेच, ती आतल्या थरांतून येते. थर किती हवेत हे पाण्यावरून ठरवा. बोर्डवर उकडलंच तर हात पाण्यात बुडवा, टोपी काढा, काठाशी गळाभर पाण्यात बसून या. झिप मात्र उघडू नका. उघड्या झिपनं पाण्यात पडलात तर सूटमध्ये पाणी भरतं, आणि ते ओझं घेऊन बोर्डवर चढणं फार अवघड जातं.

सूट घातल्यावर आतली हवा काढणंही राहून जातं. उकिडवे बसा, सूट अंगाशी आवळून धरा आणि मानेच्या सीलमध्ये (पाणी अडवणारी घट्ट कड, अशीच मनगटांनाही असते) बोट घालून हवा सोडा. आत राहिलेली हवा पाण्यात पायांकडे सरकते आणि सरळ होणं जड जातं.

आता ओलाव्याचं. फेरी झाल्यावर आतलं थर्मल ओलं दिसलं तर लगेच सूट फाटला असं समजू नका. पाठ आणि छाती सारखीच दमट असेल तर तो घाम. एकाच बाहीत मनगटापासून वर पाणी चढलेलं असेल तर सील बघा. पुष्कळदा थर्मलच्या बाहीची कड बोटभर सीलखाली आलेली असते आणि वातीसारखं पाणी आत ओढत असते. मानेच्या सीलखाली केस अडकले तरी हेच होतं. मनगट वाकवलं की शिरा वर येतात आणि त्यांच्या शेजारच्या खोबणीतूनही पाणी शिरतं, म्हणून सील थोडी वर, सपाट भागावर सरकवा. यातलं काहीच नसेल तर मनगटांच्या आणि मानेच्या सीलमध्ये बाटल्या किंवा डबे घट्ट बसवा, सूटमध्ये हवा भरा आणि बाहेरून साबणाचं पाणी लावा. जिथे फेस फुगेल तिथे भोक.

लेटेक्सची सील फार आवळत असेल तर कडेनं अगदी थोडी, एकसारखी कापता येते. जास्त कापली गेली तर बदलण्यावाचून उपाय नाही. घालताना घड्याळ, अंगठी, कानातलं आधी काढा.

हात, पाय, डोकं

सगळ्यात आधी बोटं निकामी होतात. तरी हातमोजे राहून जातात, किंवा इतके जाड घेतले जातात की वल्हं धरूनच मनगट दुखतं. आधीच किंचित वाकलेल्या बोटांचे निओप्रीनचे हातमोजे घ्या आणि ते घालून लाईफ जॅकेटचं बक्कल उघडता येतं का बघा. बूट घट्ट असतील तर रक्त पुरत नाही आणि पाय उलट लवकर सुन्न होतात. आत मोजा घालणार असाल तर तो घालूनच माप घ्या. डोक्याला निओप्रीनची टोपी हवी. जॅकेटची लोंबती टोपी नको, तिच्यात पाणी भरतं.

वाहत्या पाण्यात लीशचा, म्हणजे आपल्याला बोर्डशी जोडून ठेवणाऱ्या दोरीचा, चटकन सुटणारा पट्टा कंबरेला लावतात. त्याचं सोडण्याचं टोक जॅकेटखाली दडलं तर ऐन वेळी हाती लागणार नाही. सगळं अंगावर चढवून, डोळे मिटून ते दोन्ही हातांनी सापडतं का, हे काठावरच बघा.

घालून न बघताच निघणं

हे कपडे दुकानात किंवा आरशासमोर पारखता येत नाहीत. ज्या पाण्यात जाणार त्याच्या काठाशी, सोबतीला कुणीतरी उभं असताना, मानेपर्यंत आत जा आणि दहा मिनिटं थांबा. मग बोर्डवर चढा. चढता आलं नाही, बोटं वळेनाशी झाली किंवा कुडकुडणं थांबेना, तर त्या दिवशी त्या कपड्यांत पुढे जाऊ नका.

बाहेर आल्यावर

पाण्याबाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही वेळ घसरत राहू शकतं. म्हणून गप्पा नंतर, आधी आडोशाला जाऊन ओलं काढा, छाती-पोट कोरडं करून ऊबदार कपडे आणि टोपी घाला. खूप कुडकुडत असाल तर लगेच गरम पाण्याखाली उभे राहू नका, चक्कर येऊ शकते. कुणी अडखळत बोलायला लागलं, गोंधळलं किंवा कुडकुडणं थांबूनही गारच राहिलं, तर त्याला आडवं करा, पांघरूण घाला, चालवू नका आणि तातडीनं वैद्यकीय मदत बोलवा.

सूट गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. ऊन, सनस्क्रीन आणि अंगाचं तेल यांनी लेटेक्स चिकट होऊन फाटतं. धातूच्या झिपला मेण लावा, प्लॅस्टिकच्या झिपला तिच्या उत्पादकानं सांगितलेलं ग्रीस. हंगामाच्या पहिल्या फेरीआधी सील हलकेच ताणून बघा. बारीक भेगा दिसल्या तर निघायच्या आधीच बदलून घ्या.